दहावीनंतर आयटीआय आणि अप्रेंटिसशिप: कुठून सुरुवात करायची आणि कुठे सावध राहायचं

आयटीआय झाल्यावर आठ महिने मी एका कारखान्यात 'अप्रेंटिस' होते. युनिफॉर्म होता, गळ्यात कार्ड होतं, कार्डावर 'शिकाऊ' असं छापलेलंही होतं. नवव्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा हे विचारायला मी बीटीआरआय केंद्रात, म्हणजे अप्रेंटिसशिपचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्रात गेले. टेबलामागच्या मॅडमनी करार क्रमांक विचारला. मला तो माहीत नव्हता. त्यांनी नाव आणि जन्मतारीख टाकून शोधलं, पुन्हा एकदा शोधलं, आणि म्हणाल्या, "बाळ, तुझ्या नावावर करारच नाहीये." कंपनीच्या दप्तरी मी ठेकेदाराकडची मजूर होते. ते आठ महिने कशातच धरले गेले नाहीत.

मग दुसऱ्या कंपनीत पहिल्यापासून सुरुवात केली. वर्षभर रीतसर अप्रेंटिसशिप केली, परीक्षा पास झाले, पुढे डिप्लोमा केला, आणि आता मी मेंटेनन्सला आहे. दहावीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात. "ताई, पोराला अकरावीला घालू की आयटीआयला?" "मुलीला फिटर जमेल का?" फोनवर प्रत्येकाला सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. मी महाराष्ट्रातल्या प्रक्रियेतून गेले, तेव्हा तीच सांगते.

आधी तीन शब्द वेगळे करून ठेवा

आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. तिथे तुम्ही एक किंवा दोन वर्षं ट्रेड, म्हणजे फिटर, वेल्डर असा एखादा व्यवसाय शिकता आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणपत्र मिळतं. त्याला सगळे एनटीसी म्हणतात.

अप्रेंटिसशिप म्हणजे शिकाऊ उमेदवारी. ती कंपनीत करायची असते. तिला शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा कायदा लागू आहे. दरमहा विद्यावेतन मिळतं, शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि पास झालात की एनएसी हे दुसरं प्रमाणपत्र मिळतं. आयटीआय न करताही अप्रेंटिस होता येतं. आठवी किंवा दहावी पास मुलांना काही आस्थापना थेट घेतात, मात्र मग मूलभूत प्रशिक्षणापासून सुरुवात होते आणि मुदत वाढते.

तिसरी आहे मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना. २०२४ मध्ये ती आली तेव्हा बारावीला ६,०००, आयटीआय आणि डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना असे आकडे होते. तीही कामाचा अनुभव देते, पण ती १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप नाही आणि तिच्यातून एनएसी मिळत नाही. "मी शासनाच्या योजनेत होतो, मग माझी अप्रेंटिसशिप झाली ना?" असं विचारणारे बरेच भेटतात. नाही झाली.

१. संस्था नंतर बघा, आधी ट्रेड ठरवा

आपल्याकडे उलटं होतं. "तालुक्याच्या आयटीआयला नंबर लागतोय ना, मग जे मिळेल ते घे." पुढची दहा वर्षं तुमच्या हातात काय असणार हे ट्रेड ठरवतो, म्हणून इथे घाई करू नका.

फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट, मोटर मेकॅनिक, टूल अँड डाय मेकर, रेफ्रिजरेशन आणि एसी टेक्निशियन हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, प्लंबर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रामिंग असिस्टंट) हे एक वर्षाचे. एका वर्षात हाताशी काम हवं आणि घरची परिस्थिती थांबू देत नसेल, तर वेल्डर उत्तम. चांगल्या वेल्डरला काम शोधावं लागत नाही. पण पुढे डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात जायचं मनात असेल तर दोन वर्षांचाच ट्रेड घ्या, त्या दारासाठी दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय लागतो. ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही आणि तीन वर्षांनी कळते.

इलेक्ट्रिशियनची गोष्ट वेगळी आहे. त्याला कंपनी, महावितरण आणि स्वतःचा धंदा असे तिन्ही रस्ते मोकळे असतात. तारतंत्री परवाना काढला की वायरिंगची कामं अधिकृतपणे करता येतात. टर्नर किंवा मशिनिस्ट झालेल्याने सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन शिकून घेतलं तर पुणे, संभाजीनगर, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यात त्याला मागणी असते. फिटरचं काम सगळीकडे असतं, कारण जिथे यंत्र आहे तिथे ते बिघडणारच. कोपाबद्दल मी स्पष्टच सांगते. "कॉम्प्युटर आहे, एसीत बसून काम आहे" एवढ्यासाठी घेत असाल तर थांबा. त्याच कामासाठी पदवीधरही रांगेत असतात.

आठवी पास किंवा दहावी नापास असलेल्यांनाही वेल्डर, वायरमन, कारपेंटर असे काही ट्रेड खुले असतात. दहावीला अडकलेल्या मुलाला वर्षभर घरी बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणि मुलींनो, शासकीय आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत आणि फिटर, टर्नरसारख्या ट्रेडमध्ये त्या रिकाम्या राहतात. माझ्या बॅचला आम्ही दोघीच होतो. पहिला महिना जड गेला, नंतर काही वाटलं नाही. माझ्यापेक्षा आईलाच जास्त काळजी होती, तिला एकदा वर्कशॉप दाखवून आणलं आणि विषय संपला.

एक आडरस्ताही सांगून ठेवते. संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत इंडो जर्मन टूल रूम आहे. तिथे दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करता येतो. फी आयटीआयपेक्षा पुष्कळ जास्त आहे, पण साचे बनवायच्या कामाची खरी आवड असेल तर जाऊन बघा.

२. कागद निकालाच्या आधी गोळा करा

निकाल लागल्यावर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. एप्रिलमध्येच कामाला लागा.

आयटीआय प्रवेशासाठी:
- दहावीचं गुणपत्रक (निकालानंतर)
- शाळा सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड
- अधिवास प्रमाणपत्र
- आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेयर
- पासपोर्ट आकाराचे फोटो, भरपूर

अप्रेंटिसशिपसाठी यात भर पडते:
- एनटीसी आणि आयटीआयची गुणपत्रकं
- आधारला जोडलेलं बँक खातं, तुमच्या स्वतःच्या नावाचं
- चालू मोबाइल नंबर आणि ईमेल
- वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला
- संरक्षण खात्याच्या आस्थापनेत जात असाल तर पोलीस पडताळणी

आता सगळ्यांना नडणारी गोष्ट. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी छापलेलं असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी असतं. त्यात कुठे वडिलांच्या नावापुढे 'राव' असतं, कुठे नसतं. कुठे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळं असतं. पोर्टलवर आधारची पडताळणी होते तेव्हा हा फरक आडवा येतो. माझ्या वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त होता आणि त्या एका अक्षरापायी मी तीन आठवडे फिरले. आधारवरचं नाव दहावीच्या गुणपत्रकाशी जुळवून घ्या आणि हे काम सुट्टीतच उरका. मुलींनी आणखी एक लक्षात ठेवायचं. मधल्या काळात लग्न होऊन नाव बदललं तर सगळ्या कागदांवर एकच नाव चालू ठेवा, अर्धे कागद माहेरच्या आणि अर्धे सासरच्या नावाने अशी खिचडी होऊ देऊ नका.

३. आयटीआयचा अर्ज

राज्यातल्या आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश पोर्टलवरून एकत्रित होतात. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, खासगी वेगळ्या. नोंदणी करायची, अर्ज भरायचा, जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित करायचा, मग विकल्प भरायचे, म्हणजे कुठल्या आयटीआयचा कुठला ट्रेड हवा ते क्रमाने. गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते आणि फेऱ्या सुरू होतात.

चुका दोनच ठिकाणी होतात. पहिली, अर्ज भरला पण निश्चित केला नाही. मग तो अर्ज धरलाच जात नाही. दुसरी, विकल्पांचा क्रम. पहिल्या क्रमांकाला जे लिहिलंत तेच मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा 'बघू तर खरं' म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही टाकू नका. जे खरंच हवं तेच वर, मग उतरत्या क्रमाने. नेट कॅफेवाल्याला विकल्प भरायला सांगून बाहेर चहा प्यायला जाऊ नका, शेजारी बसा.

खासगी आयटीआय घेत असाल तर फी विचारण्याआधी वर्कशॉप बघायला मागा. लेथ किती, चालू किती, एका बॅचला किती मुलं आणि तुम्हाला हव्या त्या ट्रेडला मान्यता आहे का, एवढं विचारा. वर्कशॉपला कुलूप असेल तर परत फिरा.

४. त्या दोन वर्षांत हात तयार व्हायला हवा

पहिले काही आठवडे कानसच चालवायची असते. माइल्ड स्टीलचा तळहाताएवढा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि घासायचा. सगळ्यांना कंटाळा येतो. मलाही वाटायचं, हे काय शिकणं आहे? आमचे निदेशक सर जॉब हातात घ्यायचे, त्यावर गुण्या (काटकोन तपासायचं साधन) उभा धरायचे आणि खिडकीकडे तोंड करायचे. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसायची. दोन्ही कडांना उजेड आणि मध्ये अंधार असेल तर तुमचा हात वरखाली झुलतोय आणि मध्ये फुगवटा राहिलाय. सर एक शब्द न बोलता जॉब परत द्यायचे. माझा तुकडा अकरा वेळा परत आला. बाराव्या वेळी पात्याखालून उजेड आला नाही, तेव्हा सरांनी तो टेबलावर ठेवून घेतला.

हे लिहायचं कारण, कंपनीत मुलाखतीला गेल्यावर तिथे हेच बघतात. हातात व्हर्नियर देतात आणि म्हणतात, "वाच." व्हर्नियरचं लीस्ट काउंट ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचं ०.०१ मिमी हे पाठ असणाऱ्यांना रीडिंग घेता येईलच असं नाही. ड्रॉइंग वाचता येणं हीच खरी कमाई आहे, कारण त्यात पोरं सगळ्यात कच्ची असतात. हजेरीकडेही लक्ष द्या, ती कमी पडली की परीक्षेला बसता येत नाही.

निकाल लागला की एनटीसी डिजिलॉकरमध्ये उतरवून घ्या आणि त्यावरचं नाव, जन्मतारीख, ट्रेड त्याच दिवशी वाचा. चूक असेल तर आयटीआयमध्ये लगेच अर्ज द्या, सोडून गेल्यावर तेच काम दसपट वाढतं.

५. अप्रेंटिसशिप कुठे शोधायची

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. कंपनी तुम्हाला घेते तेव्हा उपकार करत नसते, तिलाही तुमची गरज असते. मुलाखतीला ताठ बसा.

नोंदणी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर करायची. ती फुकट आहे. नोंदणी करून देतो, गेटपासचे पैसे, युनिफॉर्मचं डिपॉझिट अशी कुठलीही रक्कम कुणी मागितली तर तिथून निघा. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांचं पोर्टल वेगळं आहे, नॅट्स. पश्चिम विभागासाठी त्यांचं प्रशिक्षण मंडळ मुंबईत सायनला आहे.

जागा शोधायचे रस्ते:

आयटीआयमधले अप्रेंटिसशिप मेळावे. एकाच दिवशी चार-पाच कंपन्या भेटतात. बायोडेटाच्या दहा प्रती आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन जा, मूळ कागद दाखवा पण कुणाकडे ठेवू नका. माझी ओळखीची एक मुलगी मूळ एनटीसी 'एचआरला जमा' करून आली आणि ती परत मिळवायला तिला सहा महिने लागले.

रेल्वे. मध्य रेल्वेची जाहिरात मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर अशा क्लस्टरप्रमाणे निघते. परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांची सरासरी धरून यादी लागते. दहावीला किमान ५० टक्के आणि वय १५ ते २४ ही अट असते, राखीव प्रवर्गांना वयात सवलत. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या पदांच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. भरतीची परीक्षा मात्र द्यावीच लागते, हे विसरून कित्येक जण वाट बघत बसतात.

माझगाव डॉक, मुंबईचा जहाजबांधणी कारखाना. इथे आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तीन गटांतून अप्रेंटिस घेतात आणि ऑनलाइन परीक्षा असते. आयटीआय न केलेल्यांसाठी ही चांगली संधी आहे.

याशिवाय मुंबईची नेव्हल डॉकयार्ड, ओझरचा एचएएल हा विमानांचा कारखाना, अंबरनाथ, खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, अंबाझरी, चांदा इथल्या आयुध निर्माणी, एसटीचे विभाग आणि महावितरण. एसटीत मोटर मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन लागतात. महावितरणमध्ये इलेक्ट्रिशियन, वायरमन आणि कोपा.

आणि खासगी कंपन्या: चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव. शिकायला मला खासगीच जास्त भावतं, मशिनरी नवी असते. पण रेल्वे किंवा डॉकचं नाव कागदावर असण्याचा पुढे उपयोग होतो, हेही तितकंच खरं.

इथे एक मोठा सापळा आहे. अप्रेंटिसशिप एकदाच होते. रेल्वेच्या जाहिरातीत 'आधी अप्रेंटिसशिप केलेले किंवा करत असलेले अपात्र' असं लिहिलेलं असतं. तुमचे गुण चांगले असतील आणि रेल्वेची यादी लागायची असेल, तर शेजारच्या एमआयडीसीत घाईघाईने करार करून बसू नका. आणि गुण बेताचेच असतील तर रेल्वेची वाट बघत वर्ष घालवू नका. दोन्ही चुका करणारी मुलं मी पाहिली आहेत.

६. करार: इथे थांबा आणि वाचा

माझे आठ महिने इथे गेले, म्हणून सगळ्यात जास्त इथेच बोलते.

अप्रेंटिसशिप म्हणजे तुमच्या आणि आस्थापनेमध्ये झालेला लेखी करार. तो पोर्टलवर तयार होतो, तुमच्या लॉगिनला दिसतो, तो तुम्ही स्वीकारायचा असतो आणि त्याला क्रमांक मिळतो. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांची सही लागते. हा क्रमांक तुमच्याकडे नसेल तर युनिफॉर्म, कार्ड, पंचिंग, कँटीन या कशालाही अर्थ नाही.

रुजू व्हायच्या आठवड्यातच स्वतःच्या मोबाइलवरून लॉगिन करून हे तपासा:
- करार कुणाशी आहे? ज्या कंपनीच्या गेटमधून आत जाता तिच्याशी, की भलत्याच नावाशी? मध्यस्थ संस्थेमार्फत करार करायला कायद्याची परवानगी आहे, पण तसं असेल तर करारात आणि पोर्टलवर स्पष्ट दिसायला हवं.
- ट्रेड कोणता लिहिलाय? तुम्ही इलेक्ट्रिशियन आणि करारात भलताच ट्रेड असेल तर तुमच्या ट्रेडची परीक्षा देता येणार नाही.
- सुरुवात आणि शेवटची तारीख. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या फिटरसारख्या ट्रेडला साधारण एक वर्ष असतं.
- विद्यावेतनाचा आकडा.

ओळखायची आणखी एक सोपी खूण आहे. कायद्याने अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नाही. त्याचा पीएफ आणि ईएसआय कापला जात नाही. त्या पहिल्या कारखान्यात माझ्या पगाराच्या चिठ्ठीत पीएफ कापलेला होता. मी घरी फोन करून सांगितलं होतं, "आई, माझा पीएफ पण कापतात." आम्ही दोघी खूश झालो होतो. तीच चिठ्ठी सांगत होती की मी अप्रेंटिस नाही. तुमच्या चिठ्ठीत पीएफ दिसला तर त्याच दिवशी चौकशी करा.

"करार करू नंतर, आधी काम तर सुरू कर" असं सांगितलं तर किती दिवस थांबायचं? मी म्हणेन, पंधरा दिवस. त्यानंतर तुमच्या जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे मूलभूत प्रशिक्षण आणि अनुषंगिक सूचना केंद्रात जा. बहुतेक ठिकाणी ते आयटीआयच्या आवारातच असतं. तिथे सहाय्यक शिकाऊ उमेदवारी सल्लागार बसतात. तोंडी बोलून येऊ नका, अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

करार अर्धवट सोडण्याचेही परिणाम आहेत. कंपनीने अटी पाळल्या नाहीत म्हणून करार संपला तर कंपनीला भरपाई द्यावी लागते. उमेदवाराच्या बाजूने चूक झाली तर प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून मागता येतो. म्हणून सही करण्याआधी राहण्याची सोय, घरापासूनचं अंतर, शिफ्ट हे सगळं बघून घ्या.

७. पैसे किती आणि कसे येतात

२०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन पाचवी ते नववीला ५,०००, दहावीला ६,०००, बारावी आणि आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये ठरलं. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ असते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने या रकमा ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. तुम्ही करार कराल त्या दिवशी लागू असलेला किमान आकडा पोर्टलवर बघा आणि करारातल्या आकड्याशी ताडून पाहा. किमान म्हणजे त्याच्या खाली नाही. चाकण, तळेगावकडच्या पुष्कळ कंपन्या त्याहून जास्त देतात.

२०२३ पासून केंद्राचा वाटा, म्हणजे २५ टक्के आणि जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. म्हणून पैसे दोन हप्त्यांत दिसतात. कंपनीचे वेळेवर येतात आणि सरकारचे अडकतात, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कारण एकच निघतं, खातं आधारला जोडलेलं नसतं. खात्यात आधार क्रमांक नोंदवणं वेगळं आणि अनुदान त्याच खात्यात यावं म्हणून आधार त्या बँकेशी जोडणं वेगळं. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय" असंच म्हणा. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं जुनं खातं आधारला जोडलेलं असेल तर पैसे तिकडे गेलेले असू शकतात. आधी ते पासबुक भरून आणा.

खर्चाचं आधीच बोलून ठेवा. कॉट बेसिसवरची खोली, मेस आणि येणं-जाणं धरलं की हातात फार उरत नाही. या वर्षात घरी पैसे पाठवता येतील अशी आशा घरच्यांना लावू नका. मी लावली होती, आणि दर महिन्याच्या सात तारखेला फोन घ्यायची भीती वाटायची.

८. कंपनीतलं वर्ष

पहिल्या दिवसापासून वही ठेवा. कुठल्या विभागात होता, कोणतं मशीन, काय बिघाड, काय केलं, रोज चार ओळी. कंपनीची लॉगबुक असतेच, पण ही तुमची स्वतःची. परीक्षेच्या आधी आणि पुढच्या मुलाखतीत हीच कामाला येते.

खरी अडचण अशी की चालू लाईनला माणूस कमी पडला की अप्रेंटिसला तिथे उभं करतात, आणि मग तो तिथेच राहतो. वर्षभर एकच बोल्ट घट्ट केलेला फिटर मी पाहिला आहे. भांडू नका, पण दर महिन्याला ट्रेनिंग विभागाकडे विभाग बदलून मागा, ईमेलवर मागा. टूलरूम आणि मेंटेनन्समध्ये जितके दिवस मिळतील तितके घ्या. ओव्हरटाइमबद्दल कायदा स्पष्ट आहे, शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय अप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही.

शिकवणारं माणूस शोधा. आमच्या मेंटेनन्सला एक ज्येष्ठ फिटर होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. मोटरच्या बेअरिंगवर ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवायचे आणि मूठ कानाला लावायचे. मला म्हणाले, "ऐक. चांगलं बेअरिंग एका सुरात बोलतं. हे बघ, दाणे चावल्यासारखं वाजतंय, हे पंधरा दिवसात जाणार." तेराव्या दिवशी ते गेलं. असं शिक्षण मागितल्याशिवाय मिळत नाही. आबांच्या मागे टूल बॉक्स उचलून हिंडायला मी स्वतःहून तयार झाले, म्हणून मिळालं.

आणि सुरक्षितता. मशीनमध्ये हात घालण्याआधी आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करून स्वतःचं कुलूप लावा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. "दोन मिनिटांचं काम आहे" हे वाक्य कानावर आलं की दुप्पट सावध व्हा. कामावर इजा झाली तर अप्रेंटिसलाही कायद्याने भरपाई मिळते, म्हणून घटनेची नोंद त्याच दिवशी करून घ्या. ओढणी, मोकळे केस, बांगड्या, अंगठी, हातातला दोरा हे सगळं गेटच्या बाहेर.

९. परीक्षा आणि तिच्यानंतर

शेवटी अखिल भारतीय ट्रेड टेस्ट. तिचा फॉर्म कंपनी आणि बीटीआरआयमार्फत जातो. करार संपायच्या दोन महिने आधीपासून स्वतः विचारत राहा, "माझं नाव गेलं का?" बरीच मुलं वर्ष पूर्ण करतात, गावी जातात आणि परीक्षा राहून जाते. मग एनएसी नाही, आणि सरकारी भरतीत त्या वर्षाला किंमत नाही.

कंपनीने तुम्हाला कायम करायलाच हवं असं कायदा म्हणत नाही. हे आधीपासून माहीत असलं की शेवटच्या महिन्यात धक्का बसत नाही. पुढचे रस्ते असे:

डिप्लोमा. दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. गणित कच्चं असेल तर पहिलं सत्र छळतं. मी अकरावीचं गणिताचं पुस्तक आणून सुट्टीच्या दिवशी सोडवलं, तेव्हा कुठे जमलं.

बारावीची समकक्षता. काही भरतींना बारावी लागते. आयटीआय झालेल्यांना राज्य मंडळाचे भाषा विषय देऊन ती मिळवता येते. अर्ज आयटीआयमधूनच होतो.

निदेशक होणं. शिकवायची आवड असेल तर सीआयटीएस हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, मुंबईत राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत होतो. आमच्या बॅचची दुसरी मुलगी आज निदेशक आहे आणि तिच्या वर्गात पाच मुली आहेत.

शेवटच्या दिवशी गेटपास जमा करण्याआधी या गोष्टी मागून घ्या: अनुभवाचं पत्र, ज्यात ट्रेड, करार क्रमांक आणि दोन्ही तारखा लिहिलेल्या असतील, वर्षभराच्या विद्यावेतनाच्या चिठ्ठ्या, हजेरीचा दाखला, आणि ट्रेनिंग विभागातल्या माणसाचा नंबर. पत्रावर शिक्का आणि तारीख आहे ना, ते टाइम ऑफिसच्या खिडकीपाशीच उभं राहून बघा. बाहेर पडल्यावर आत जायला नवा पास लागतो.